वांकलेलें चाक : दुरुस्त करावें कीं बदलावें ?

बैलगाडीचें चाक आणि मोटारसायकलचें चाक हीं दोन्हीं वाटोळीं असलीं, तरी त्यांचा स्वभाव अगदीं निराळा आहे. बैलगाडीच्या चाकांत मध्यें लाकडी तुंबा, त्यांतून बाहेर पडणारे जाड आरे आणि सर्वांच्या बाहेरून लोखंडी धांव अशी रचना असते. गाडींतील ओझें आंसावर येतें, आंस तुंब्यावर दाबतो, आणि तुंबा आपल्या खालच्या आऱ्यावर उभा राहतो. खांबावर घर उभें राहावें, तसाच हा प्रकार होय. मोटारसायकलच्या चाकांतील तारेला मात्र खांबाचें काम करतांच येत नाहीं. तीन-चार मिलिमीटर जाडीची ती तार चाकांतून काढून जमिनीवर उभी धरली आणि तिच्यावर अंगाचा भार दिला, तर ती पाहतां पाहतां वांकते. असें असूनहि अशाच ३६ किंवा ४० तारांच्या आधारानें दीड-दोनशें किलोग्रॅम वजनाची गाडी, तिच्यावर बसलेलीं दोन माणसें आणि त्यांच्या हातांतील भाजीची पिशवी हीं सर्व निर्धास्तपणें धांवत असतात. हें कसें घडतें तें एकदां ध्यानांत आलें, म्हणजे खड्ड्यांत आपटून वांकलेलें चाक दुरुस्त करावें कीं बदलावें, ह्या नेहमींच्या प्रश्नाचें उत्तरहि आपोआप सुचूं लागतें.

ह्या चाकाचें सारें बळ ताणांत आहे. हब म्हणजे मधला तुंबा, आणि रिम म्हणजे बाहेरची धातूची कडी. ह्या दोहोंच्या मध्यें प्रत्येक तार, जिला कारागीर स्पोक म्हणतात, ती सतारीच्या तारेप्रमाणें ओढून बसविलेली असते. सर्व तारा हबला चहूंकडून सारख्याच जोरानें ओढीत असल्यामुळें तो मधोमध स्थिर राहतो. गाडीचा भार पडला कीं जमिनीकडच्या तारांचा ताण थोडा उतरतो. परंतु मुळांत तो पुरेसा असेल, तर उतरूनहि शिल्लक राहतो आणि तार ढिली पडत नाहीं. चाक फिरलें कीं ती तार वर जाते व दुसरी तिच्या जागीं येते. अठरा इंची चाकाचा घेर टायरसह सुमारें १.९ मीटर भरतो. म्हणजे एका किलोमीटरांत असें चाक पांचशेंहून अधिक फेरे घेतें, आणि प्रत्येक तारेचा ताण तितक्याच वेळां उतरतो व चढतो. पुण्याहून साताऱ्यास जाईपर्यंत ही संख्या ५० हजारांच्या पुढें जाते. घट्ट तार हें सर्व सहज सोसते. ढिली तार मात्र प्रत्येक फेऱ्यांत एक झटका खाते, आणि हबजवळ जेथें तिला वांक दिलेला असतो तेथेंच ती अखेर तुटते. एक तुटली कीं तिच्या वांट्याचा भार शेजारणींवर पडतो, त्याहि लौकर थकतात, आणि थोड्याच दिवसांत एका तारेचें दुखणें साऱ्या चाकाचें दुखणें होऊन बसतें.

ही युक्ति मोटारसायकलच्या आधींची आहे. आकाशांत उडणाऱ्या यंत्राला हलकें चाक हवें, ह्या विचारानें इंग्लंडमधील सर जॉर्ज केली ह्यांनीं १८०८ सालीं ताणलेल्या दोऱ्यांच्या चाकाची कल्पना मांडली. पुढें कॉव्हेन्ट्री येथील जेम्स स्टार्ली ह्यांनीं १८७४ सालीं सायकलच्या तारा हबपासून सरळ बाहेर न नेतां तिरप्या व एकमेकींना छेदणाऱ्या बसविण्याच्या रचनेचें पेटंट घेतलें. १८८५ सालीं जर्मनींत डाइमलर आणि मायबाख ह्यांनीं इंजिन बसविलेली दुचाकी तयार केली, तेव्हां तिचीं चाकें लांकडाचीं व लोखंडी धांवेचींच होतीं. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप ह्यांचा हवा भरलेला टायर आला, आणि १८९४ सालीं म्यूनिक येथें हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर ह्यांनीं विक्रीकरितां मोटारसायकली बनविण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांच्या चाकांवर हवेचे टायर होते. स्टार्लींची तिरपी तार मोटारसायकलला विशेष मानवली; कारण इंजिन मागच्या हबला पीळ देतें, आणि ब्रेक दाबला कीं हबला उलट पीळ बसतो. हा पीळ रिमपर्यंत पोंचविण्याचें काम तिरप्या तारा करतात. सरळ तारांच्या चाकाला तें झेपलें नसतें.

आतां असें चाक बिघडतें कसें, तें पाहावें. पावसाळ्यांत रस्त्यावर पाणी साचलें कीं खड्डा व सपाट रस्ता ह्यांत फरक दिसत नाहीं. पुढचें चाक खड्ड्यांत उतरतें, आणि बाहेर पडतांना त्याच्या कडेवर आपटतें. टायरांत हवा पुरेशी असेल, तर ती पुष्कळसा आघात गिळून टाकते. हवा कमी असेल, तर टायर पार दबतो आणि रिमची कड जवळजवळ दगडावरच बसते. ट्यूब मध्यें चिमटली जाऊन तिला शेजारीं शेजारीं दोन भोकें पडतात. पंक्चर काढणाराला अशीं जोडीचीं भोकें दिसलीं, तर तेवढ्यावरून रिमलाहि मार बसला असावा, हें त्यानें ओळखावें. दुसरें कारण असें धक्क्याचें नसून हळूहळू घडणारें असतें. वर्षानुवर्षें तारांकडे कोणीं पाहिलेलें नसतें. कांहीं ढिल्या होतात, कांहीं गंजतात, आणि एके दिवशीं चाक डुलूं लागतें. कारागिरांच्या बोलींत अशा चाकाला ‘आऊट’ झालेलें चाक म्हणतात, आणि तें सरळ करण्याला ‘आऊट काढणें’ असें म्हणतात.

गाडी डुलते म्हणजे रिमच वांकली, असें मात्र एकदम ठरवूं नये. गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक जमिनीपासून मोकळें करावें. प्रथम चाक वर व खालीं दोन्हीं हातांनीं धरून डावीकडे-उजवीकडे हालवून पाहावें. तें आंसावर खुळखुळत असेल, तर दोष बहुधा बेअरिंगचा असतो, आणि बेअरिंग बदलल्यावांचून रिमला हात लावणें व्यर्थ होय. बेअरिंग ठीक असेल, तर चाक सावकाश फिरवावें आणि चिमट्याला टेकवून एक काडी रिमच्या कडेजवळ स्थिर धरावी. काडी आणि रिम ह्यांमधील फट कमीजास्त होते कीं काय, तें पाहिलें म्हणजे दोन गोष्टी कळतात. रिम बाजूला हेलकावे खात असेल, तर फट डावी-उजवीकडे बदलते; रिमची गोलाई बिघडली असेल, तर ती वर-खालीं बदलते. अनेक उत्पादकांच्या दुरुस्ती-पुस्तकांत ह्या दोन्हीं दोषांची कमाल मर्यादा सुमारें २ मिलिमीटर दिलेली असते. ही मर्यादा ओलांडली, म्हणजे चाक कारागिराकडे नेण्याची वेळ आली, असें समजावें.

तिसरी परीक्षा कानाची आहे. एखाद्या लहानशा किल्लीनें प्रत्येक तारेवर हलकेंच टकटक करावें. ताणलेली तार स्पष्ट वाजते. ढिली तार भद्द आवाज करते. एका बाजूच्या सर्व तारांचा सूर साधारण जवळपास असला पाहिजे. मध्येंच एखादी उंच किंचाळली, तर तिच्यावर प्रमाणाबाहेर भार आहे. मध्येंच एखादी मुकी निघाली, तर तिच्या शेजारणी तिचें काम करीत आहेत. ज्या घरांत तबला आहे, त्या घराला ही परीक्षा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आऊट काढण्याचें कामहि तबला सुरांत लावण्यासारखेंच आहे. तबलजी एकाच घरावर हातोडी मारीत बसत नाहीं. सोळा घरांवरून फिरत, एका घराला थोडें चढवून समोरच्या घराचा अंदाज घेत, तो सारी पुडी एका सुरांत आणतो. चाकवाल्याचेंहि तसेंच. तारेच्या टोंकाशीं रिममध्यें बसलेली लहानशी पितळी किंवा पोलादी टोपी असते, तिला निपल म्हणतात. निपलला आंटे असतात. तो फिरविला कीं तार घट्ट किंवा ढिली होते. रिम एखाद्या ठिकाणीं उजवीकडे सरकली असेल, तर तेथील, हबच्या डाव्या बाजूकडून येणाऱ्या तारा थोड्या घट्ट करावयाच्या आणि उजव्या बाजूच्या तितक्याच सैल करावयाच्या. रिम एखाद्या ठिकाणीं बाहेर फुगली असेल, तर तेथील दोन्हीं बाजूंच्या तारा घट्ट करावयाच्या. एका वेळीं पाव आंटा किंवा फार तर अर्धा आंटा. मग चाक फिरवावयाचें, पाहावयाचें, आणि पुन्हां पाव आंटा. घाईचा कारागीर एकाच तारेला दोन-तीन आंटे देतो. तेथला दोष जातो, पण समोर नवा उभा राहतो. त्याच्या पाठीमागें लागतां लागतां कांहीं तारा तुटावयास येतात व कांहीं लोंबूं लागतात. डोळ्यांना चाक सरळ दिसतें, पण कानाला तें बेसूर असतें, आणि असें चाक महिन्याभरांत पुन्हां डुलूं लागतें. गंजलेल्या निपलवर आदल्या दिवशीं तेल सोडून ठेवावें. तसेंच मोठें काम असेल तर टायर व ट्यूब काढूनच तें करावें, कारण तारेचें टोंक निपलच्या बाहेर आलें तर तें ट्यूबमध्यें घुसतें.

येथपर्यंत दुरुस्तीचा प्रांत झाला. त्याची सीमा कोठें संपते, हाच खरा प्रश्न आहे, आणि घरोघर चूक होते ती येथेंच. तारांच्या ओढीनें रिमचा हेलकावा काढतां येतो. पण दगडावर आपटून रिमची कड चेपली असेल, तर ती कोणतीहि तार बाहेर ओढूं शकत नाहीं. लहानशी चेपलेली जागा पोलादी रिमवर लांकडाचा ठोकळा धरून बेतानें ठोकली, तर सरळ होते. मोठा मार मात्र निराळा. धातूची तार एकदां वांकवून पुन्हां सरळ केली आणि असें दहा वेळां केलें, कीं ती तुटते, हें मुलांनाहि ठाऊक असतें. रिमच्या धातूलाहि हाच नियम आहे. निपलच्या भोंकापाशीं केसाएवढी रेघ दिसत असेल, दोन भोंकांमधली जागा ओढली गेली असेल, सांध्यापाशीं रिम उकलली असेल, किंवा टायर काढल्यावर आंतल्या बाजूस गंजाचे पापुद्रे निघत असतील, तर ती रिम टाकूनच द्यावी. बाहेरून लखलखणारी पण आंतून गंजानें खाल्लेली रिम आढळणें ही कांहीं दुर्मिळ गोष्ट नव्हे. पाणी भोंकांतून आंत जातें आणि टायरच्या आड वर्षानुवर्षें आपलें काम करीत राहतें.

शहरांतील कोणत्याहि चाकवाल्याच्या दुकानीं ऐकूं येईल असा एक संवाद येथें द्यावासा आहे. गृहस्थ म्हणतात, “काय हो मिस्त्री, एवढ्यासाठीं नवी रिम कशाला ? ठोकून सरळ होत नाहीं का ?” मिस्त्री चाक फिरवून पाहतो, बोटानें रेघ दाखवितो आणि म्हणतो, “साहेब, ठोकून देतों. दिसायला सरळहि दिसेल. पण मग ह्या गाडीवर मागें कुणाला बसवूं नका.” गृहस्थ क्षणभर गप्प राहतात. हिशेब इतका वेळ रिमच्या किंमतीचा चालला होता. मिस्त्रीनें तो दुसऱ्या वहींत मांडला. पुढें बसणाराला निदान हातांत दांडा असतो व रस्ता दिसतो. मागें बसलेल्या बाईला किंवा मुलाला चाकांतील रेघेची वार्ताहि नसते. तीं केवळ विश्वासानें बसलेलीं असतात.

रिम बदलणें म्हणजे मात्र चाक फेकून देणें नव्हे, आणि तारेच्या चाकाचा मोठेपणा ह्यांतच आहे. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिच्या जुन्या बुलेट गाडीच्या १९ इंची चाकांत ४० तारा असत. अशा गाडीचा हब शाबूत असेल, तर त्याच्याभोंवतीं नवी रिम आणि नव्या तारा विणून चाक पुन्हां उभें करतां येतें. वडिलांच्या गाडीचा हब मुलाच्या गाडींतहि फिरत राहतो. मात्र कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. जुनें चाक उकलण्यापूर्वी रिम हबच्या कोणत्या बाजूला किती सरकलेली आहे, तें मोजून लिहून ठेवावें. एका बाजूस चेनचें चक्र असल्यामुळें मागच्या चाकाची रिम पुष्कळदां हबच्या अगदीं मध्यावर नसते. नव्या रिमची रुंदी व व्यास जुन्याइतकाच असावा. हीं मापें रिमवर कोरलेलीं असतात. भोंकांची संख्या व त्यांचा तिरकेपणाहि जुळला पाहिजे. हबच्या आंतल्या व बाहेरच्या बाजूच्या तारांचा वांक पुष्कळदां वेगळा असतो, म्हणून त्या मिसळूं देऊं नयेत. नवी रिम घेतली, तर जुन्या थकलेल्या तारा तिच्यांत बसवून दोन पैसे वांचविण्याचा मोह टाळावा. चाक बांधून झालें, कीं निपलच्या बाहेर आलेलीं तारांचीं टोंकें कानशीनें घांसून त्यांवर रबरी पट्टी बसवावी. पहिल्या ५०० किलोमीटरच्या सुमारास तारा पुन्हां एकदां वाजवून पाहाव्या. नव्या तारा आपल्या जागीं बसतांना थोड्या सैल होतात. ब्रेक हबच्या आंत असेल, तर त्याची आंतली बाजू किती झिजली, तेंहि याच वेळीं पाहावें.

अलीकडील पुष्कळ गाड्यांना तारांचें चाक नसतें. त्यांचें चाक ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचें, एकसंध ओतलेलें असतें. त्यालाच बाजारांत अलॉय व्हील म्हणतात. त्याला तारा ढिल्या होण्याची व्यथा नाहीं, आणि त्यावर ट्यूबशिवाय टायर बसतो, ही त्याची मोठी सोय. परंतु त्याला मार बसला, तर फिरवावयास निपलहि नाहीं. येथें ताण बिघडत नाहीं. जें बिघडतें तो धातूच असतो. रस्त्याच्या कडेला कांहीं ठिकाणीं असें चाक गॅसच्या ज्योतीवर तापवून जॅकनें दाबून सरळ करून देतात. तें सरळ दिसतेंहि. पण ओतीव चाकाला कारखान्यांत ठरलेल्या उष्णतेनें व ठरलेल्या वेळानें बळकटी दिलेली असते. ज्योतीच्या मनमानी आंचेनें ती बळकटी तेवढ्या जागेपुरती निघून जाते, आणि तें डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणूनच अनेक उत्पादक मर्यादेबाहेर वांकलेलें ओतीव चाक सरळ न करतां बदलावें, असेंच सांगतात. तडा गेला असेल, तर त्यावर वेल्डिंगचा टांका मारून तें रस्त्यावर आणणें हें तर साहसच होय. दर चार दिवसांनीं टायरांतील हवा कमी होत असेल आणि पंक्चर सांपडत नसेल, तर रिमच्या कडेला व दांड्यांच्या मुळाशीं साबणाचें पाणी लावून पाहावें. जेथें बुडबुडे येतील, तेथें कड वांकलेली किंवा तडा गेलेला असण्याचा संभव असतो.

चाक दुरुस्त होवो वा नवें येवो, तें गाडींत परत बसवितांनाहि दक्षता हवी. मागचें चाक चेनच्या रेषेंत सरळ बसलें पाहिजे. चिमट्याच्या दोन्हीं बाजूंच्या खुणा सारख्या आहेत कीं नाहींत, तें पाहावें. आंसाचा नट पुरता आवळलेला व जेथें स्प्लिट पिन असते तेथें ती नवी घातलेली असावी. डिस्क ब्रेक असेल, तर चाक बाहेर असतांना ब्रेकचा दांडा कोणींहि दाबूं नये, नाहींतर आंतल्या गाद्या एकमेकींना भिडतात आणि चाक आंत जात नाहीं. हवा गाडीच्या पुस्तकांत सांगितली असेल तेवढीच भरावी. आणि पहिला फेरा एकट्यानेंच, हळू, ब्रेक दाबून पाहत पाहत घ्यावा.

मध्यमवर्गीय घराला जपून वापरण्याची व सांधून वापरण्याची संवय असते, आणि ती चांगलीच आहे. छत्री शिवून घ्यावी, घड्याळ साफ करून घ्यावें, भांड्याला कल्हई लावावी, ह्यांत कमीपणा कसला ? तारेचें चाक हेंहि त्याच जातीचें आहे. तें सांधण्यासाठींच जन्मलेलें आहे. परंतु सांधण्याची विद्या ही कोठें थांबावें, हें जाणण्याचीहि विद्या आहे. गेलेला ताण परत आणतां येतो. धातूचा गेलेला जोर परत आणतां येत नाहीं. जो चाकवाला तासभर चाक फिरवीत, वाजवीत, पाव-पाव आंटा देत बसतो, त्याची मजुरी देतांना घासाघीस करूं नये. आणि जो चाकवाला गिऱ्हाईक हातचें जात असतांहि “ही रिम आतां नको” असें सांगतो, त्याचा पत्ता घरांतील डॉक्टरच्या पत्त्याशेजारीं लिहून ठेवावा.